वारक्क ओंद गुळिगी: कॅन्सरच्या औषधाचा डोस कसा ठरतो आणि कुठं चुकतो

मागच्या श्रावणात आमच्या मेडिकलमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर बाजूच्या एक मावशी आल्या, सोबत सून होती. "ताई, तोंड आलंय, लावायला जेल द्या कुठलंतरी, चार दिवस झाले भाकरी गिळवेना," म्हणाल्या. तोंड आलं म्हणून दिवसाला दहा माणसं येतात, पण मावशींनी तोंड उघडलं तर ओठाच्या आतली कातडी, जीभ, गाल सगळं सोलल्यासारखं लालभडक. मी विचारलं, दुसरी कुठली गोळी चालू आहे काय? "सांध्याची आहे की, बारकी पिवळी." सुनेनं पिशवीतनं स्ट्रिप काढली. मेथोट्रेक्झेट, साडेसात मिलिग्रॅम. दहाच्या स्ट्रिपमध्ये एकच गोळी उरलेली. कधीपासून घेताय? नऊ दिवस.

ती गोळी आठवड्यातनं एकदा घ्यायची असते. चिठ्ठीवर इंग्रजीत 'ओ डब्ल्यू' एवढंच खरडलेलं, म्हणजे वन्स वीकली. आणि जिथनं गोळ्या घेतल्या तिथल्या मुलीनं तोंडी सांगितलेलं, "वारक्क ओंद गुळिगी." बरोबरच सांगितलं होतं तिनं, कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. पण आपल्या मराठी कानाला वार म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. मावशींनी ऐकलं वाराला एक गोळी, म्हणजे रोज एक. ना मुलगी चुकली, ना मावशी चुकल्या, आणि तरी नऊ आठवड्यांचं औषध नऊ दिवसांत पोटात गेलं.

जेल काही दिलं नाही मी. तिथनंच डॉक्टरांना फोन लावला, रिक्षा बोलावली, सरळ दवाखान्यात पाठवलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकदम खाली. फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, ते या औषधावरचा उतारा आहे, आठदहा दिवस ॲडमिट ठेवलं आणि मावशी घरी आल्या. वेळेत सापडल्या म्हणून.

तर ही मेथोट्रेक्झेट मुळात कॅन्सरची गोळी. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती अजून वापरतात, आणि अगदी थोड्या डोसमध्ये संधिवाताला, सोरायसिसला देतात. म्हणून ती घराघरात पोचलीय, आणि कॅन्सरच्या औषधाचा डोस चुकला तर काय होतं हे कॅन्सर नसलेल्या माणसालाही भोगावं लागतं. मेडिकल टाकायच्या आधी मी सहा वर्षं एका दवाखान्यात किमोची औषधं तयार करायच्या खोलीत काम केलंय, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. डोस नेमका ठरतो कसा हे आपल्या लोकांना कुणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. पॅरासिटामॉलची पाचशेची गोळी घेतली काय आणि साडेसहाशेची घेतली काय, मोठ्या माणसाला फार फरक पडत नाही. काम करणारा डोस आणि अपाय करणारा डोस यांच्यात त्या मानानं बरी मोकळी जागा असते. किमोच्या औषधांत ती जागा चिंचोळी असते, बांधावरनं चालल्यासारखी. कारण ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि भराभर वाढणाऱ्या पेशी फक्त कॅन्सरच्या नसतात, केसांच्या मुळाशी असतात, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात असतात, हाडांच्या आतल्या मगजात असतात जिथं रक्त तयार होतं. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब लागतात, रक्त कमी होतं. जास्त झालं तर जीवावर बेततं, आणि कमी झालं तर कॅन्सर तसाच राहतो, तेही तेवढंच वाईट, फक्त ते लगेच दिसत नाही.

म्हणून बऱ्याच किमो औषधांचा डोस 'मोठ्यांना एक, लहानांना अर्धी' असा नसतो, तो माणसामाणसाला मापून काढतात. अंगाचा पृष्ठभाग किती चौरस मीटर, यावर. ऐकायला विचित्र वाटतं पण हिशोब शाळेतला आहे. १९८७ साली मोस्टेलर नावाच्या डॉक्टरनं सोपं सूत्र मांडलं, तेच आज बऱ्याच ठिकाणी वापरतात: उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, दोन्हीचा गुणाकार करा, ३६०० नं भागा आणि वर्गमूळ काढा. समजा १६० सेंटिमीटर उंचीची, ५४ किलोची बाई आहे. १६० गुणिले ५४ म्हणजे ८६४०, भागिले ३६०० म्हणजे २.४, त्याचं वर्गमूळ साधारण १.५५. डोसेटॅक्सेल हे औषध चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम द्यायचं ठरलं तर तिचा डोस झाला ११६ मिलिग्रॅमच्या आसपास.

आता कुणाच्या घाईच्या अक्षरात ५४ चा ८४ झाला. सूत्र बिचारं तक्रार करत नाही, ते आपलं १.९३ काढून देतं, आणि डोस होतो १४५. म्हणजे पंचवीस टक्के जास्त. कागदावर बघितलं तर १४५ हा आकडा कुणालाही वावगा वाटणार नाही, कारण धिप्पाड माणसाला तो बरोबरच डोस आहे. असला आकडा औषध बनवणाऱ्याला दिसून येत नाही, कारण बनवणाऱ्यानं पेशंट बघितलेलाच नसतो. मी स्वतः काचेच्या आत, ग्लोव्हज घालून बसायचे, माझ्यासमोर फक्त कागद. बाहेर खुर्चीत बसलेली बाई ५४ किलोची दिसते की ८४ किलोची हे बघणारे डोळे बाहेर असतात, आणि त्यातले दोन डोळे तुमचे.

म्हणून दर सायकलला, म्हणजे किमोच्या दर फेरीला, वजन करा म्हणून सांगायचं, लाजायचं नाही. चप्पल काढून, शक्यतो त्याच काट्यावर. आपल्याकडं होतं काय, पहिल्या दिवशी केलेलं वजन फाइलवर चिकटतं आणि चौथ्या सायकलपर्यंत तेच चालतं. दरम्यान माणूस खात नाही, ५४ चा ४६ झालेला असतो, त्याच सूत्रानं तिचा डोस आता १०७ वर आलेला असतो आणि देतायत ११६. वजन पाचदहा टक्क्यांनी बदललं की डोस परत काढायचा अशी बहुतेक ठिकाणी पद्धत असते, पण वजन केलंच नाही तर बदललं हे कळणार कसं?

काही औषधांना वजनउंचीपेक्षा किडनी महत्त्वाची. कार्बोप्लॅटिनचं तसं आहे. १९८९ पासून त्याला कॅल्व्हर्टचं सूत्र वापरतात, किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते त्या आकड्यात २५ मिळवायचे आणि रक्तात औषध किती राहावं याचं डॉक्टरांनी जे लक्ष्य ठरवलं असेल त्यानं गुणायचं. लक्ष्य ५ असेल आणि किडनीचा आकडा ७५ असेल तर डोस ५०० मिलिग्रॅम, किडनी ४५ वर आली तर ३५०. तीन दिवस उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं की किडनीचा आकडा असा खाली येऊ शकतो. म्हणून "मागच्या महिन्याचा क्रिएटिनिन रिपोर्ट आहे की, परत कशाला पैसे घालवायचे" असं म्हणू नका. मला पैशाची ओढाताण कळते, पण ही तपासणी वाचवायची नव्हे.

आता चुका कशा होतात ते. खेडेगावात होतात, शहरात होत नाहीत असं काही नाही. अमेरिकेत बोस्टनच्या डाना-फार्बर या नावाजलेल्या कॅन्सर संस्थेत १९९४ साली बेट्सी लेहमन नावाची बाई वारली, ती स्वतः बोस्टन ग्लोब पेपरात आरोग्यावर लिहायची. तिला सायक्लोफॉस्फमाइड चार दिवसांत मिळून जेवढं द्यायचं होतं तेवढं रोज दिलं गेलं, चार दिवस. चौपट. ऑर्डरमध्ये एकूण डोस आणि रोजचा डोस यात गल्लत झाली आणि तो कागद कितीतरी हातांतनं गेला. मला यातनं एवढंच सांगायचंय की तिथं हुशार माणसांची कमी नव्हती, कागदावर 'रोज इतकं, चार दिवस, एकूण इतकं' असं तिन्ही स्वच्छ असायला हवं होतं.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या एडमंटनची, २००६ सालची. फ्लुरोयुरासिल हे औषध पंपातनं चार दिवस हळूहळू जायचं होतं, तासाला १.२ मिलिलिटर. पंपावर भरलं गेलं २८.८, कारण दिवसाचा आकडा २४ नं भागायचा राहिला. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं आणि ती बाई वारली. दोन नर्सनी आकडा तपासला होता, तरीही. पतपेढीत कॅशियर नोटा मोजतो आणि दुसरा परत मोजतो तेव्हा पहिल्याचा आकडा न ऐकता मोजतो, म्हणून चूक सापडते. "एकशेवीस आहेत न बघ जरा" म्हणून हातात दिलं की दुसऱ्याच्याही एकशेवीसच भरतात. डबल चेक म्हणजे दोन सह्या नव्हेत, दोन वेगवेगळे हिशोब. आम्ही खोलीत दोघी असायचो, मी कॅल्क्युलेटर घेऊन काढायचे, दुसरी कागदाच्या दुसऱ्या बाजूला काढायची, आणि मग कागद पलटायचो. दीडदोन मिनिटं जास्त लागायची, बाहेर नातेवाईक ओरडायचे की अजून औषध का आलं नाही. कृपा करून ओरडू नका त्या वेळी.

नावांचा घोळ वेगळाच. सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल. ऐकायला भावंडं, डोसमध्ये जमीनअस्मानाचा फरक. कार्बोप्लॅटिनच्या डोसइतकं सिसप्लॅटिन दिलं तर माणूस वाचणं कठीण. व्हिनक्रिस्टिनची तर आणखी एक भीती, ते फक्त शिरेतनंच द्यायचं. मणक्यात द्यायचं औषध त्याच दिवशी असतं, सिरिंज शेजारीशेजारी ठेवल्या आणि चुकून व्हिनक्रिस्टिन मणक्यात गेलं की जवळपास कुणी वाचत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २००१ साली अठरा वर्षांचा मुलगा असाच गेला. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं इशारा दिला, व्हिनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाइनच्या बारक्या पिशवीत भरा, कारण पिशवी कुणी मणक्याला जोडायला जाणार नाही. सावध राहा म्हणून बजावण्यापेक्षा चूक करताच येऊ नये अशी सोय करणं केव्हाही बरं, मला हे फार पटतं.

आकडे लिहिण्यातही असंच. ५.० लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की ५० होतं. .५ लिहिलं आणि टिंब दिसलं नाही की ५. म्हणून ५ लिहायचं तर नुसतं ५, आणि अर्धा लिहायचा तर ०.५. औषधाचं मूळ नाव, वाचता येईल अशा, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं असं मेडिकल कौन्सिलनं २०१६ पासून सांगितलंय. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल, चिठ्ठी हातात पडल्यावर तिथंच विचारा, कुठलं औषध, किती, कशातनं, किती दिवस, आणि मराठीत लिहून घ्या. डॉक्टर रागावतात असं लोक म्हणतात. माझा अनुभव, किमोचे डॉक्टर सहसा रागावत नाहीत, आणि एखादे रागावलेच तर रागावू देत.

आता आपल्या भागाचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडचा कॅन्सरचा पेशंट एकाच दवाखान्यात राहत नाही. बायोप्सी बेळगावात होते, ऑपरेशन मिरजेला नाहीतर कोल्हापूरला, दोन किमो तिथं, मग कार्ड चालतंय का, गाडीची सोय आहे का, सोबतीला कोण आहे यावर उरलेल्या किमो हुबळीला, आणि मुंबईला टाटात दाखवून आलेला एक सल्ला वेगळाच. खानापूर पट्ट्यातले काही बांबोळीला गोव्याला जातात. एका माणसाची फाइल दोन राज्यं फिरते, कागद इंग्रजीत, बोलणं कुठं कन्नडात, कुठं मराठीत, कुठं हिंदीत. कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये सगळी हकिकत एकत्र नसते. सगळीकडं हजर असलेलं एकच माणूस म्हणजे सोबत जाणारी बायको, मुलगा, सून.

यानं काय बिघडतं ते एका औषधावरनं सांगते. डॉक्सोरुबिसिन, ज्याला सगळे लाल इंजेक्शन म्हणतात, ज्यानं एकदोन दिवस लघवीही लालसर होते आणि लोक घाबरतात. त्या लाल लघवीत काळजीचं काही नाही. काळजीची गोष्ट दिसत नाही ती. हे औषध हृदयाला धरतं, आणि आयुष्यभरात मिळून चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही अशी मर्यादा आहे, छातीवर शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला असेल किंवा हृदय आधीच कमजोर असेल तर त्याच्याही आत. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बऱ्याचदा ६० चे चार डोस देतात, म्हणजे २४० झाले. पाच वर्षांनी आजार उलटला, दवाखाना दुसरा, जुनी फाइल माळ्यावर वाळवीनं खाल्लेली, आणि विचारलं तर उत्तर काय, "लाल इंजेक्शन दिलं होतं की." किती दिलं? ते नवीन डॉक्टरांनी कुठनं काढायचं? डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, तारीख आणि आत्तापर्यंतची एकूण बेरीज लिहून मागा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि तो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

इंजेक्शन तरी दवाखान्यात दिलं जातं, तिथं बघायला माणसं आहेत. हल्ली कॅन्सरच्या कितीतरी गोळ्या घरी घ्यायच्या असतात, आणि मला जास्त भीती तिथंच वाटते. कॅपेसिटाबिन घ्या. साधारणपणे सकाळसंध्याकाळ जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, चौदा दिवस, मग सात दिवस बंद. ते सात दिवस सुट्टी नव्हे, अंग सावरायला दिलेली मुदत आहे. लोक "बरं वाटतंय तर चालूच ठेवूया" म्हणून सलग घेतात आणि हातापायाची कातडी सोलवटते, जुलाब थांबत नाहीत. रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात दोन गोळ्या असतात, मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्झेट आठवड्यातनं एकदा. दोन्ही एकाच डब्यात ठेवल्या की पुढचं मी सांगायला नको. वेगळे डबे करा, आणि आठवड्याच्या डब्यावर वाराचं नाव लिहा, नुसता 'आठवड्याला' शब्द नको, 'फक्त सोमवार' असं लिहा. मावशींच्या डब्यावर आता तसंच लिहिलंय, सुनेनं लाल मार्करनं.

दुसऱ्या औषधांशी भांडणंही होतात. ॲसिडिटीची गोळी आपल्याकडं कुणीही कुणालाही देतं, पण फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या गेफिटिनिबसारख्या गोळ्यांना पोटातलं ॲसिड लागतं, ते मारलं की गोळी नीट शोषलीच जात नाही. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल आणि वर कॅपेसिटाबिन आलं तर रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. इमॅटिनिबवाल्यांनी पपनस खाऊ नये, ते आणि ग्रेपफ्रूट हे औषध शरीरातनं बाहेर पडायला अडवतात आणि रक्तात ते साठत जातं. गणपतीत फुलोऱ्याला पपनस बांधतात, ते बांधा, इमॅटिनिब चालू असलेल्यांनी फक्त खाऊ नका. आणि काढे. गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं धरून चालू नका. घेत असाल तर लपवू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. मला दुःख होतं ते लपवण्याचं, कारण मग रिपोर्ट बिघडतो आणि डॉक्टर बिचारे किमोचा डोस कमी करतात, जिथं कमी करायची गरजच नसते.

स्वस्तात कुणीतरी आणून देतो म्हणून महागडी इंजेक्शनं घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ती दवाखान्यातल्या वापरलेल्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच काहीतरी भरून कॅन्सरची औषधं म्हणून विकत होती. बिल घ्या, बिलावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळवा, आणि औषध देऊन झाल्यावर रिकामी बाटली आणि खोकं तुमच्यासमोर खराब करून टाकायला सांगा.

शेवटी ताप. हे मी दर पेशंटला दोनदा सांगते. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, अंगात लढायला कुणी नसतं, पू होत नाही, लाली दिसत नाही, फक्त ताप येतो. थर्मामीटरवर १००.४ च्या वर आकडा गेला की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्रीचे दोन असले तरी निघायचं. कणकुंबी, जांबोटीकडनं पावसात यायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, म्हणूनच म्हणते, किमो झाली त्याच दिवशी गाडीवाल्याचा नंबर ठरवून ठेवा, दवाखान्याचा रात्रीचा नंबर घेऊन ठेवा, आणि कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य "ताप आलाय" नको, पहिलं वाक्य "किमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, आणि आता ताप आलाय" असं पाहिजे. कन्नडमध्ये सांगायचं असेल तर "किमो आग्यद, ज्वर बंदद." एवढं सोबत जाणाऱ्यानं पाठ करून ठेवा.